गेटिसबर्ग, १८६० : एका रस्त्यावरची दुकानं (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी

पाट आणला. बारा मिलिमीटरचा प्लाय, वाकू नये म्हणून खालून पट्ट्या मारलेल्या. यावर बाल्टिमोर स्ट्रीटच्या वरच्या टप्प्याची छोटी प्रतिकृती बसवायची: गावच्या मधल्या चौकापासून (तिथले लोक त्याला 'डायमंड' म्हणत) कोर्टाच्या कोपऱ्यापर्यंत. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. २८ फुटी दर्शनी भिंत या मापात जेमतेम दहा सेंटिमीटर येते. दुसरा पाट नंतर, रस्त्याच्या खालच्या टोकासाठी. खाटीक, कातडी कमावणारे, लाकूडकाम करणारे तिकडे होते.

गेटिसबर्ग म्हटलं की लोकांना अमेरिकेच्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धातली १ ते ३ जुलै १८६३ची लढाई आठवते, नाहीतर लिंकनचं भाषण. मला तीन वर्षं आधीचं गाव करायचंय. तेव्हा ते पेनसिल्व्हेनियातल्या ॲडम्स काउंटीचं मुख्य गाव होतं, एवढंच. जेम्स गेटिसने १७८६ मध्ये प्लॉट पाडले, १८०० साली यॉर्क काउंटीतून ॲडम्स वेगळी निघाली आणि कोर्ट इथे आलं. १८६० मध्ये वस्ती सुमारे २४०० आणि इमारती साडेचारशेच्या आसपास. गावात दहा रस्ते येऊन मिळायचे. सैन्यं इथे का भिडली हे सांगताना या दहा रस्त्यांचा उल्लेख हमखास होतो. पण ते रस्ते सैन्यासाठी बांधले नव्हते, त्यांवरून शेतकरी बाजाराला यायचे.

माझा खरा प्रश्न बुटांचा आहे. दक्षिणेचं सैन्य गेटिसबर्गला बूट मिळवायला आलं आणि त्यातून लढाई जुंपली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती खरी असेल तर माझ्या पाटावर बुटांचं भलंमोठं कोठार नाहीतर कारखाना बसायला हवा. बघू बसतो का.

११ जानेवारी

साधनं जुळवली. जी. एम. हॉपकिन्सचा १८५८चा ॲडम्स काउंटीचा भिंतीवर लावायचा नकाशा, १८६०ची जनगणना, वर्तमानपत्रं. एवढ्याशा गावात तीन साप्ताहिकं: सेंटिनल, स्टार अँड बॅनर, कंपायलर. पहिली दोन एका बाजूची, कंपायलर डेमोक्रॅटांचा. बातम्यांसाठी तीन पत्रं लागत नव्हती, राजकारणासाठी लागत होती. माझा फायदा असा की जाहिरातदाराला तिन्हीकडे हजेरी लावावीशी वाटायची, त्यामुळे एकाच दुकानाचं वर्णन वेगवेगळ्या शब्दांत सापडतं.

सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे फार उपयोगी असतात. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दुकानाला 'एस', राहत्या घराला 'डी'. पण ती कंपनीच १८६७ची, म्हणजे माझ्या सालाला उशीर झालेला. तरी विटांची इमारत वीस-पंचवीस वर्षांत जागची हलत नाही. मापांसाठी चालतील.

१९ जानेवारी

अख्खा रविवार जनगणनेच्या रकान्यांत गेला.

१८५०च्या जनगणनेत पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांची नुसती बेरीज. व्यवसायाचा रकाना मात्र पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपुरता. १८६० मध्ये तो बायकांनाही लागू झाला. याशिवाय 'उद्योगांच्या उत्पादनाचं' वेगळं परिशिष्ट असे: वर्षाला ५०० डॉलरच्या वर माल काढणाऱ्यांनाच त्यात जागा. कच्चा माल किती, कामाला माणसं किती, मजुरी किती, सगळं असतं. पण घराच्या पुढच्या खोलीत एकटा बसून जोडे शिवणारा तिथे दिसत नाही, तो माणसांच्या यादीतच शोधावा लागतो.

बूट शिवणारे गावात वीस-बावीस. ऐकायला बरेच वाटतात. पण हाताने एक जोड पुरा करायला दिवस जातो असं धरलं, तर सगळ्यांनी मिळून रोज वीस-बावीस जोड. त्यातही नवीन किती आणि तळ ठोकून दिलेले किती? आजूबाजूच्या शेतकऱ्यांची गरज भागवण्यापुरता हा धंदा होता. गिऱ्हाईक यायचं, पायाचं माप द्यायचं, माल नंतर. काचेमागे शंभर जोड मांडून ठेवायला भांडवल लागतं, ते या माणसाकडे नसायचं.

तयार बूट हवे असतील तर ते दूरच्या मॅसॅच्युसेट्समधून, लिन किंवा हेवरहिलहून, खोक्यात भरून यायचे आणि जनरल स्टोअरमध्ये विकले जायचे. माझ्याच सालात, २२ फेब्रुवारी १८६०ला, लिनच्या बूट कामगारांनी मोठा संप केला. शिलाई यंत्रं आल्यावर घरबसल्या वरचा भाग शिवून देणाऱ्या बायकांचं काम गेलं होतं, मजुरी घसरली होती. म्हणजे बुटांचा कारखाना अमेरिकेत होता, पण तो गेटिसबर्गपासून शेकडो मैलांवर.

पाटावर मोच्याचं एकच दुकान करतोय. खिडकीला लागून बाक, कारण उजेड तिथेच. रापी, आरी, लाकडी फर्मे. या मापात आरी म्हणजे केस. सोडून दिली.

२६ जानेवारी

भिंती कापल्या. विटांचा कागद छापून चिकटवला. लांबून बरा दिसतो, जवळून पाहणाऱ्यांना हात जोडून विनंती.

९ फेब्रुवारी

जाहिरातींतल्या किमती. साडेबारा सेंट, सव्वासहा सेंट, साडेसदतीस सेंट. डॉलरचे शंभर सेंट असताना कोण असे भाव लावतं?

कारण गल्ल्यात अमेरिकन नाणी कमी आणि स्पॅनिश जास्त असत. स्पॅनिश डॉलरचे आठ रियाल, म्हणजे एक रियाल साडेबारा सेंटचा. पेनसिल्व्हेनियात त्याला 'लेवी' म्हणत आणि अर्ध्या रियालला 'फिप'. फिप म्हणजे सव्वासहा सेंट, डॉलरचा सोळावा हिस्सा. इथे मी हसलो. रुपयाचे सोळा आणे आणि १९५७च्या १ एप्रिलपासून आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे! परकी नाणी कायद्याने चालेनाशी झाली ती १८५७च्या फेब्रुवारीत, आपल्या दशमान पद्धतीच्या बरोबर शंभर वर्षं आधी. कायदा झाला तरी लोकांच्या डोक्यातले भाव लगेच बदलत नाहीत. आमची आजी सत्तरच्या दशकातही भाजी आण्यात मोजायची, तसंच तिथल्या म्हातारीचं झालं असणार. म्हणून फळ्यांवर आणि पाट्यांवर भाव लिहिताना मी जुनेच ठेवतोय.

आणि रोकड सगळ्यांकडे नसेच. लोणी, अंडी, मेण, सुकवलेली सफरचंदं, कातडी, लोकर, धान्य, असा 'शेतमाल' दुकानदार घ्यायचा आणि खात्यावर जमा धरायचा. मग तोच माल बाल्टिमोरला पाठवायचा. एकच माणूस दुकानदार, अडत्या आणि सावकार. दुकानासमोरच्या पायवाटेवर पिंपं आणि टोपल्या यायला हव्यात. मण्यांपासून पिंपं केली, छान झाली.

१६ फेब्रुवारी

फानस्टॉक बंधूंचं दुकान उभं केलं. कोर्टाच्या समोरचा कोपरा, तीन मजली, विटांचं. जाहिरातीत स्वतःला 'रेड फ्रंट' म्हणवून घेत, म्हणून दर्शनी भाग चक्क लाल रंगवला. कापड, किराणा, लोखंडी सामान, गालिचे, सगळं एका छताखाली. गावातलं सर्वात दणकट दुकान. लढाईच्या पहिल्या दिवशी उत्तरेचे जनरल हॉवर्ड याच इमारतीच्या छतावरून पाहत होते, ते उंचीमुळे. १८६०च्या माझ्या छतावर मात्र कोणी नाही, एक धुराडं आहे.

टायसन बंधूंनी १९ नोव्हेंबर १८६३ला याच रस्त्याचा फोटो काढला, दफनभूमीकडे निघालेल्या मिरवणुकीचा (लिंकनचं भाषण याच दिवशी झालं). खिडक्यांची उंची, पायवाटेची रुंदी, खांब, सगळं त्यावरून घेतलं. तीन वर्षांचा फरक आहे, पण गाव तेच.

२ मार्च

आजपासून घोडागाडीचा कारखाना. यासाठी पाटाला बाजूचा तुकडा जोडला.

गेटिसबर्गचा मोठा उद्योग हाच होता. बूट नव्हेत, गाड्या. बग्गी, कॅरेज, त्यांचं जुंपणीचं सामान. एका गाडीवर वेगवेगळ्या कारागिरांचा हात फिरायचा: सांगाडा करणारा सुतार, चाकं करणारा, लोहार, गादी आणि कातडी छत बसवणारा, शेवटी रंगारी. त्यामुळे कारखाना म्हणजे एक इमारत नव्हे, चार-पाच खोल्यांचं आवार. लोहाराची भट्टी तळाला आणि शक्यतो वेगळी, कारण आग. रंगकाम वरच्या मजल्यावर, कारण धूळ. रंगाचे थरावर थर, मध्ये प्युमिसने घासणं, वरून व्हार्निश, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. गाडी तयार व्हायला लागणाऱ्या वेळातला मोठा हिस्सा या वाळण्यात जायचा. तेवढे आठवडे पैसा अडकलेला. म्हणून गाडीवाल्यालाही उधारीवर लोखंड आणि लाकूड देणारा कोणीतरी लागायचा.

चाकांसाठी गावाकडच्या सुतारकाकांना फोन केला. बैलगाडीचा तुंबा (चाकाचा मधला गोळा), आरे, पाटे (कडेचे लाकडी तुकडे), वरून लोखंडी धाव, हे त्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, "काका, यांचं चाक सपाट नाही, बशीसारखं थोडं खोल असतं."

"मग घोड्याची गाडी असणार. घोडा पळताना गाडीला डाव्या-उजव्या अंगाला हिसके देतो. आरे तिरके असले की हिसका सोसतात. धाव तापवून चढवली आणि पाणी मारलं की सगळं आवळून बसतं. तुम्ही कशाचं करताय?"

"पुठ्ठ्याचं."

"मग नका काळजी करू," म्हणाले.

तिथे तुंबा एल्मचा, आरे हिकरी किंवा ओकचे, पाटे ॲशचे. एल्मचा रेषा एकमेकांत गुंतलेला असतो, भोकं पाडली तरी फुटत नाही. काकांनी बाभूळ सांगितली, कारणमीमांसा तीच.

१५ मार्च

गाड्या विकल्या कुठे जायच्या? मुख्य बाजार दक्षिणेकडे. मेरीलँडची हद्द गावापासून दहा मैलांच्या आतबाहेर, त्यापलीकडे व्हर्जिनिया. म्हणजे उत्तरेतल्या या गावाचा मोठा धंदा गुलामगिरी असलेल्या राज्यांतल्या गिऱ्हाइकांवर उभा होता. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ते गिऱ्हाईक एका रात्रीत शत्रूच्या मुलखात गेलं. गावावर तोफांचे गोळे पडले १८६३ मध्ये, गाडीवाल्यांवर संकट आलं ते दोन वर्षं आधी.

वेस्ली कल्पची गोष्ट यातच बसते. गेटिसबर्गचा पोरगा, सी. डब्ल्यू. हॉफमन यांच्या गाड्यांच्या धंद्यात कामाला. हॉफमननी १८५०च्या दशकाच्या मध्यात धंदा व्हर्जिनियातल्या शेफर्ड्सटाउनला हलवला, गिऱ्हाइकाच्या जवळ. वेस्लीही गेला. युद्ध लागलं तेव्हा तो तिथल्या मित्रांबरोबर दक्षिणेच्या दुसऱ्या व्हर्जिनिया पलटणीत भरती झाला. भाऊ विल्यम उत्तरेच्या सैन्यात. जुलै १८६३ मध्ये वेस्ली आपल्याच गावी लढायला आला आणि मारला गेला, तेही कल्प्स हिलच्या, म्हणजे नात्यातल्या माणसाच्या मालकीच्या टेकडीच्या परिसरात. ही कहाणी 'भाऊ विरुद्ध भाऊ' म्हणून सांगतात. मला त्यात आधी दुकानाचं स्थलांतर दिसतं. मालकाने धंदा हलवला नसता तर पोरगा बहुधा विल्यमशेजारी उभा असता.

१ एप्रिल

मुद्दाम आज लिहितोय. दक्षिण पेनसिल्व्हेनियात, विशेषतः जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांत, १ एप्रिल हा हिशेबाचा दिवस असे. भाडी, गहाणखतांचे हप्ते, जमिनीचे व्यवहार, दुकानाची बाकी, सगळं या दिवशी. घरं बदलायची तीही आजच. बिऱ्हाड लादलेल्या गाड्या रस्त्यावर, बँकेत गर्दी. गेटिसबर्गची बँक १८१४ची, याच रस्त्याजवळ.

दुसरा गर्दीचा काळ कोर्टाचा आठवडा, वर्षातून चार वेळा. फिर्यादी, साक्षीदार, ज्युरीवर बोलावलेले शेतकरी. खानावळी भरायच्या: चौकावरचं मॅक्लेलन हाउस, चेंबर्सबर्ग स्ट्रीटवरचं ईगल, यॉर्क स्ट्रीटवरचं ग्लोब इन. घरी जाताना मीठ, खिळे, बायकोसाठी कापड. काउंटीच्या गावाचं पोट यावर चाले. जुनं कोर्ट डायमंडच्या मधोमध होतं, ते १८५९ मध्ये बाल्टिमोर आणि मिडल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आलं, आणि समोर कोण? फानस्टॉक बंधू! दुकानदाराला याहून चांगला शेजार मिळणार नाही.

एक एप्रिलच्या बिऱ्हाडाची एक गाडी पाटावर ठेवली आहे. खुर्च्या उलट्या, वर कोंबड्यांचा पिंजरा.

२० एप्रिल

दुसरा पाट. बाल्टिमोर स्ट्रीटचं दक्षिणेकडचं टोक, सिमेटरी हिलच्या पायथ्याला. जेम्स पियर्स खाटीक, दुकान आणि घर एकच. हेन्री गार्लाख, लाकूडकाम. जॉन रुप आणि जॉन वाइनब्रेनर, कातडी कमावणारे.

टॅनरीला जागा भरपूर लागते. कातडं आधी चुन्याच्या कुंडात, मग केस खरडायचे, मग ओकच्या सालीच्या पाण्यात, एका कुंडातून दुसऱ्या जास्त तीव्र कुंडात, असे कित्येक महिने. तळाच्या जाड कातड्याला वर्षभर लागायचं. साल दळायला घोड्याने फिरवायची चक्की. मी आठ कुंडं खणली (प्लायला भोकं पाडून खालून चिकटपट्टी) आणि त्यांत वेगवेगळ्या तपकिरी छटांचं रेझिन ओतलं. वासाची सोय नाही, घरच्यांनी आभार मानले.

बुटांच्या हिशेबात हेही धरायला हवं: आज गावात कातडं आलं म्हणून उद्या बूट होत नाही. मध्ये एक वर्ष आहे.

४ मे

शिवणकाम करणाऱ्या बायका. १८५०च्या यादीत त्यांच्यासमोर रकाना कोरा, जणू त्या काहीच करत नव्हत्या. १८६० मध्ये शिंपिणी, टोप्या करणाऱ्या, धुणं धुणाऱ्या एकदम दिसू लागतात. गावात त्या आधीपासूनच होत्या, फक्त फॉर्म बदलला.

जेनी वेड याच वर्गातली. लढाईत थेट मारली गेलेली गावातली एकमेव नागरिक म्हणून तिचं नाव राहिलं, वय वीस. ती आणि तिची आई शिवणकाम करून घर चालवायच्या, बापाचाही धंदा शिंप्याचा. असं दुकान बाहेरून दिसत नाही, पाटी नसते. पाटावर दाखवायचं कसं? खिडकीशी दिवा आणि मांडीवर कापड घेतलेली बाई, बस.

१८ मे

गावातल्या काळ्या लोकांची संख्या दोनशेच्या आत होती, पण धंद्यांत ती ठळक दिसतात. ओवेन रॉबिन्सन मिठाईवाला: हिवाळ्यात ऑयस्टर, उन्हाळ्यात आइस्क्रीम. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मलेला, इथे स्वतःचं दुकान, शिवाय प्रेस्बिटेरियन चर्चची देखभालही त्याच्याकडे. ऑयस्टर चेसापीकच्या खाडीतले, बाल्टिमोरमार्गे. धंदा हंगामानुसार कसा फिरवायचा हे या माणसाकडून शिकावं. आइस्क्रीमसाठी बर्फ लागतो, आणि तळ्यावरचा बर्फ कापून भुशात साठवायचा तो हिवाळ्यातच, म्हणजे ऑयस्टर विकता विकता.

बेसिल बिग्ज १८५८ मध्ये मेरीलँडहून आला, मुलांना शाळेत घालता यावं म्हणून. जनावरांची डॉक्टरकी, गाडीवाहतूक, खंडाने शेती.

यांच्या दुकानांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. दहा मैलांवर हद्द, पलीकडे गुलामगिरी, आणि १८५०च्या कायद्याने पळालेल्याला पकडून नेण्याची मुभा. जो मुळात स्वतंत्र होता त्यालाही पळवून नेण्याची भीती होतीच. जून १८६३ मध्ये दक्षिणेचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरलं तेव्हा त्यांनी चेंबर्सबर्ग भागातून काळ्या माणसांना धरून दक्षिणेकडे नेलं. गेटिसबर्गमधले बहुतेक जण दुकानं, घरं टाकून पळाले. गोऱ्या दुकानदाराला माल लपवावा लागला, यांना स्वतःला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा या गोष्टीला दहाच वर्षं झाली होती.

रॉबिन्सनच्या दुकानाला दोन पाट्या केल्या, बदलता येण्याजोग्या. सध्या आइस्क्रीम.

८ जून

रेल्वे. डिसेंबर १८५८ मध्ये हॅनोव्हरकडून रूळ गावात आले. त्याआधी बाल्टिमोरचा माल पन्नासेक मैल घोडागाडीतून. रेल्वे आल्यावर दुकानदार खूश, कारण माल लवकर आणि कमी उधारीवर खेळवता येतो. कारागिरांना मात्र तीच रेल्वे लिनचे बूट आणि शहरातलं तयार फर्निचर आणून देत होती. १८६०चं गाव या दोन्हींच्या मधोमध आहे: मोची अजून बसलाय आणि त्याच्या समोरच्या दुकानात खोकी उतरताहेत. पाटावर त्यांना समोरासमोर ठेवलंय.

स्टेशन पाटाच्या बाहेर. मोह आवरला.

२६ जून

आजची तारीख गाठून बुटांचा हिशेब पूर्ण करतो.

२६ जून १८६३, शुक्रवार. लढाईच्या पाच दिवस आधी दक्षिणेचे जनरल जुबल अर्ली गावात आले. आल्याबरोबर मागण्यांची यादी: पीठ, खारवलेलं मांस, साखर, कॉफी, मीठ, एक हजार जोड बूट, पाचशे टोप्या, किंवा त्याऐवजी रोख रक्कम. गावच्या मंडळाचे अध्यक्ष डेव्हिड केंडलहार्ट यांनी उत्तर दिलं की एवढा माल गावात नाहीच, दुकानं उघडी करतो, मिळेल ते घ्या. दुकानं उघडली. मोठ्या दुकानदारांनी आपला माल आधीच रेल्वेने फिलाडेल्फियाकडे रवाना केला होता, काहींनी लपवला होता. फळ्या रिकाम्या. अर्लींनी रेल्वेचे डबे आणि रॉक क्रीकवरचा पूल जाळला आणि ते यॉर्ककडे गेले.

यॉर्क मोठं शहर. तिथे मागितले दोन हजार जोड, मिळाले बाराशे ते पंधराशे, शिवाय २८,६०० डॉलर रोख. म्हणजे बूट कुठे मिळतात आणि कुठे नाही, हे दक्षिणेच्या सैन्याने या दोन गावांत प्रत्यक्ष अजमावलं होतं.

१ जुलै

तरीही ३० जूनला दक्षिणेचे जनरल हेथ यांनी पेटिग्रूंच्या ब्रिगेडला गेटिसबर्गला पाठवलं. त्यांच्या अहवालात लिहिलंय: सामान शोधा, विशेषतः बूट. पेटिग्रूंना समोर घोडदळ दिसलं, ते परतले. दुसऱ्या दिवशी हेथ मोठी फौज घेऊन आले आणि लढाई लागली. पुढे १८७७ मध्ये हेथनी पुन्हा बुटांचं कारण सांगितलं आणि तिथून गोष्ट पसरली.

सैनिकांना बूट हवे होते यात शंका नाही, कित्येक अनवाणी चालत होते. पण माझ्या दोन पाटांवर बघा: वीस-बावीस मोची, प्रत्येकाकडे चार-दोन जोड, तेही कोणाच्या तरी पायाच्या मापाचे. जनरल स्टोअरची खोकी फिलाडेल्फियात. टॅनरीच्या कुंडांत पुढच्या वर्षीचं कातडं. हजार जोडांना गावात बसायला जागाच नाही. हेथना बहुधा अर्लींच्या भेटीचा वृत्तान्त पोहोचला नव्हता, किंवा सरळ चकमकीत शिरल्याचं कारण वरिष्ठांना सांगायला बूट सोयीचे पडले. मला दुसरं जास्त पटतं.

या सगळ्या बुटांच्या गोष्टीत एक खरा मोची आहे. जॉन बर्न्स, वय ६९, धंद्याने जोडे शिवणारा, पूर्वी गावचा कॉन्स्टेबल, १८१२च्या युद्धात लढलेला. १ जुलैला बंदूक घेऊन उत्तरेच्या सैनिकांत जाऊन उभा राहिला, जखमी झाला, वाचला.

२० जुलै

गार्लाखचं दुकान संपवलं. टेबलं, कपाटं आणि शवपेट्या. त्या काळी तिन्ही कामं एकाच माणसाकडे असत, कारण फळ्या त्याच, रंधा तोच. लढाईत त्याच्या अंगणात उत्तरेचे जनरल शिमेलफेनिग लाकडाच्या ढिगाऱ्याआड ४ जुलैपर्यंत लपून होते. दुकानातल्या फळ्यांच्या दक्षिणेच्या सैनिकांनी शवपेट्या केल्या.

लढाईनंतरचा मोठा ठेकाही असाच कारागिरांचा. राष्ट्रीय दफनभूमीसाठी उत्तरेच्या सैनिकांचे मृतदेह उकरून पुन्हा पुरण्याचं टेंडर निघालं. ३४ बोली आल्या, सर्वात जास्त आठ डॉलर, सर्वात कमी १ डॉलर ५९ सेंट प्रति मृतदेह. अर्थात कमीची लागली, एफ. डब्ल्यू. बीसेकरची. उकरण्याचं प्रत्यक्ष काम बेसिल बिग्जने काळ्या मजुरांची टोळी घेऊन केलं, देखरेख सॅम्युएल वीव्हर यांची. ऑक्टोबर १८६३ ते मार्च १८६४, तीन हजारांहून जास्त मृतदेह. वीव्हर प्रत्येकाच्या खिशातल्या वस्तू नोंदवत होते. लिंकन बोलले तेव्हा हे काम निम्मंसुद्धा झालं नव्हतं.

हा भाग १८६० नंतरचा, पाटावर येणार नाही. पण यादीत ठेवतोय.

३ ऑगस्ट

लढाईतल्या नुकसानभरपाईचे दावे वाचायला घेतले. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १८६३ ते १८७१ दरम्यान त्यासाठी एकामागून एक कायदे केले, लोकांनी शपथेवर याद्या दिल्या, आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. माझ्यासाठी त्या याद्या म्हणजे खजिना. घोड्याचा साज, कातडं, मधाची पोळी, कुंपणाच्या पट्ट्या, गवत, कपडे, घोडा. कोणत्या घरात काय होतं हे याहून नेमकं कुठे मिळणार? दावा करणारा किंमत थोडी वाढवून सांगतो हे गृहीत धरायचं, वस्तू मात्र सहसा खऱ्या असतात.

दोन्ही पाटांवर दिवे लावायचे राहिलेत. गावात गॅस होता, पण मोच्याकडे मेणबत्तीच देतोय. पुढचा पाट यॉर्क स्ट्रीटचा, टायसन बंधूंच्या स्टुडिओपासून. फोटोसाठी छतात काचेचा मोठा झरोका लागतो, त्यासाठी एक मिलिमीटरचं ॲक्रिलिक आणि बारीक करवत बोहरी आळीतून आणायची.